शेजाऱ्याविषयी खोटी साक्ष

शहरांतल्या मंडळ्यांच्या तरुण संघांत एक तक्ता फिरत असतो. वर आडवे रकाने : विश्व कुठून आले, माणूस कोण, चांगले-वाईट कशावरून ठरते, मरणानंतर काय. डावीकडे नावे : निरीश्वरवादी, हिंदू, बौद्ध, इस्लाम आणि सगळ्यात खाली ख्रिस्ती. प्रत्येक चौकटीत एक वाक्य. हिंदू : सर्व काही ब्रह्म, जग माया. बौद्ध : जीवन दुःख आहे, इच्छा मारा, विझून जा. ख्रिस्ती रकान्यात मात्र तीन-चार वाक्ये असतात, कारण ती आपणच लिहिलेली असतात. शिबिर संपते, मुले तक्त्याचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन घरी जातात आणि इतरांची 'विश्वदृष्टी' आपल्याला कळली असे समजतात.

या तक्त्याविरुद्ध माझी तक्रार बाहेरच्या माणसाची नाही. मी ख्रिस्ती घरात वाढलो, ख्रिस्तावर विश्वास ठेवतो आणि तो इतरांनाही कळावा असे मला वाटते. नोकरीत मी दिवसभर डेटाबेसची टेबले बनवतो. त्यामुळे टेबल काय करते हे मला ठाऊक आहे : रकान्यात जे बसते तेवढे ठेवते, बाकीचे टाकून देते. बिलांच्या नोंदींसाठी ते ठीक आहे. माणूस ज्याच्या आधारावर जगतो आणि मरतो, ती गोष्ट अशी साठवता येत नाही.

'विश्वदृष्टी' या कल्पनेचा इतिहासही लक्षात घ्यायला हवा. मूळ जर्मन शब्द कांटने १७९० साली जवळजवळ ओझरता वापरला. ख्रिस्ती विचारात तो रुजवला तो स्कॉटलंडचे जेम्स ऑर (त्यांचे पुस्तक १८९३चे) आणि १८९८मध्ये प्रिन्स्टनला व्याख्याने देणारे डच पुढारी अब्राहम कायपर यांनी. दोघांपुढे प्रश्न युरोपचा होता : चर्चपासून दुरावत चाललेल्या आधुनिक विचाराला सलग उत्तर कसे द्यायचे? पुढे १९७६ साली अमेरिकेत जेम्स सायर यांचे पुस्तक आले. त्यांनी ठरावीक प्रश्न घेऊन एकेक विश्वदृष्टी तपासली आणि आजच्या तक्त्यांचा साचा बहुतांशी तिथून आला. पण याच सायर यांनी २००४मध्ये दुसरे पुस्तक लिहून आपली व्याख्या सुधारली. विश्वदृष्टी म्हणजे केवळ विधानांची यादी नव्हे, ती माणसाच्या अंतःकरणाचा कल असते, असे त्यांनी मांडले. साच्याच्या कर्त्याने साचा दुरुस्त केला. आपण मात्र जुनीच आवृत्ती चालवतो आहोत.

आता हा तक्ता घेऊन महाराष्ट्रातल्या शेजाऱ्याच्या दारात जाऊन पाहा. शेजारी वारकरी आहे असे समजा. 'जग माया' हे वाक्य त्याला लावायचे तर ज्ञानेश्वरांच्या 'अमृतानुभवा'चे काय करणार? तिथे अज्ञानाच्या कल्पनेचेच खंडन आहे आणि जग हा चैतन्याचा विलास आहे. तुकारामांचे काय करणार? त्यांना मोक्षापेक्षा भक्ती हवी आहे आणि तिच्यासाठी पुन्हा जन्म घ्यायलाही त्यांची ना नाही. तक्ता म्हणतो, हिंदूचे ध्येय जन्ममरणातून सुटका. दिंडीत चालणारा माणूस म्हणेल, मला विठ्ठल हवा. हा फरक बारीकसारीक नाही. ना. वा. टिळक तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोचल्याचे सांगत. त्या वाटेला तक्त्यात जागाच नाही.

दुसऱ्या दारात बौद्ध कुटुंब राहते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत बाबासाहेब चार आर्यसत्यांवरच प्रश्न उपस्थित करतात : ती बुद्धाच्या मूळ उपदेशातली आहेत की भिक्खूंनी मागाहून घातलेली? कारण त्यांच्यामुळे हा धम्म निराशावादी ठरतो. म्हणजे आपल्या तक्त्यात 'बौद्ध' या नावापुढे जे वाक्य आहे, नेमके तेच आपल्या शेजाऱ्याच्या धर्मग्रंथाने संशयित ठरवले आहे. या घरातल्या माणसाला 'तुमचा धर्म इच्छा मारायला सांगतो' असे सांगणे म्हणजे त्याच्या आजोबांनी माणूस म्हणून उभे राहण्यासाठी जे केले, ते पुसून टाकणे होय.

यावर आमच्यातले काही जण म्हणतील, 'अहो, ही सोपी ओळख आहे, तपशील नंतर.' पण पवित्र शास्त्राच्या दहा आज्ञांत शेजाऱ्याविषयी खोटी साक्ष देण्यास मनाई आहे. आम्हा प्रोटेस्टंटांच्या गणनेत ती नववी, कॅथलिकांच्या गणनेत आठवी. 'सोपी करून सांगितलेली खोटी साक्ष चालेल' अशी सूट त्या आज्ञेत नाही. शेजारी काय मानतो हे त्याच्या गैरहजेरीत, त्याला न विचारता, वीस मुलांसमोर सांगणे ही साक्षच आहे. ती चुकीची असेल तर उद्देश सुवार्तेचा होता म्हणून ती खरी ठरत नाही.

'मग काय, मतभेदच मांडायचे नाहीत?' मांडायचेच. पण कसे, ते आपल्याच इतिहासात पाहावे. जॉन मूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८३९ साली 'मतपरीक्षा' हा ग्रंथ संस्कृतात लिहून ख्रिस्ती धर्माची बाजू मांडली. त्याला संस्कृतात उत्तर देणाऱ्या पंडितांत काशीचे तरुण मराठी पंडित नीलकंठशास्त्री गोरे होते. त्यांचा 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' १८४४चा. चार वर्षांनी, १८४८मध्ये, याच गोऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. १८६० साली त्यांनी हिंदीत 'षड्दर्शन दर्पण' लिहिला. ग्रंथ खंडनाचाच आहे, त्यात मवाळपणा नाही. पण गोरे 'हिंदू' नावाच्या एका चौकटीशी भांडत नाहीत. न्याय, सांख्य, मीमांसा, वेदान्त असे एकेक दर्शन ते त्याच्याच परिभाषेत मांडतात आणि मग त्यावर आक्षेप घेतात. त्यांचे निष्कर्ष कुणाला पटोत न पटोत, त्यांनी उभा केलेला प्रतिपक्षी ओळखता येतो. आमच्या तक्त्यातला प्रतिपक्षी कुणाच्याच ओळखीचा नाही.

त्याहून जुने उदाहरण 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात आहे. अथेन्समध्ये मूर्ती पाहून पौलाचा जीव कळवळला, ही गोष्ट तिथे लपवलेली नाही. पण बोलण्याआधी तो शहरभर फिरला होता. अज्ञात देवाला वाहिलेल्या वेदीवरचा लेख त्याने वाचला होता आणि ग्रीक कवींची वचने त्याला येत होती. बाजारात एपिकूरपंथी आणि स्तोइकपंथी यांच्याशी त्याचा वाद झाला, तो समोरासमोर. काहींनी टर उडवली, काहींनी विश्वास ठेवला. आपण काय मानतो हे पौलाला समजलेच नाही, असे मात्र अथेन्सकरांना म्हणता आले नसते.

तक्त्याच्या विरुद्ध टोकाला आपल्याकडे दुसरी एक सवय आहे : 'सगळे धर्म शेवटी सारखेच.' माझे अनेक सुशिक्षित मित्र ही गोष्ट उदारपणा म्हणून बोलतात. मला ती तक्त्याची सख्खी बहीण वाटते. तक्ता शेजाऱ्याला चुकीच्या चौकटीत बसवतो, हे वाक्य सगळ्यांना एकाच चौकटीत कोंबते. बाबासाहेबांच्या धम्मात ईश्वराला जागा नाही, देवाची जागा नीतीने घेतली आहे. माझ्या विश्वासात नीतीच्याही आधी क्षमा येते आणि ती देणारा कुणीतरी आहे. अपराध्याचे पुढे काय, या प्रश्नावर मी आणि माझा बौद्ध मित्र खरोखर वेगळी उत्तरे देतो. त्याचे म्हणणे, क्षमेच्या आशेवर माणूस जबाबदारी टाळतो. माझे म्हणणे, क्षमेवाचून माणूस स्वतःच्या अपराधाकडे डोळे उघडून पाहूच शकत नाही. हा मतभेद 'सारखेच' म्हणून गुंडाळला तर दोघांचाही अपमान होतो.

आणि तक्त्यात प्रश्न नेहमी एकाच दिशेने जातात : आपण विचारायचे, त्यांनी उत्तर द्यायचे. शेजारी आपल्याला काय विचारतो, याला रकाना नाही. बाबासाहेबांनी भारतीय ख्रिस्ती समाजाबद्दल सविस्तर लिहिले आहे. धर्मांतरानंतरही जात गेली नाही आणि सामाजिक अन्यायाविरुद्ध हा समाज उभा राहिला नाही, असा त्यांचा आरोप आहे. लग्न जुळवताना 'मूळचे कोण?' हे आपल्यात आजही दबक्या आवाजात विचारले जाते, तोवर हा आरोप जुना झाला असे म्हणता येणार नाही. ख्रिस्तात भेद उरत नाही असे शिकवणाऱ्या मंडळीला हा प्रश्न बौद्ध शेजारी विचारतो, तेव्हा तो आपल्याच शास्त्राच्या बाजूने बोलत असतो.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात साधा नियम आहे : ग्राहकाला काय हवे ते आपण लिहायचे, पण त्याने वाचून 'होय, हेच' म्हटल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. तरुण संघ चालवणाऱ्या पाळकांना आणि ताई-दादांना माझी मागणी तेवढीच आहे. 'बौद्ध' या नावापुढचे वाक्य एखाद्या बौद्ध शेजाऱ्याला वाचून दाखवा. 'हिंदू' या नावापुढचे वाक्य वारीला जाणाऱ्या माणसाला दाखवा. त्यांनी 'होय, हेच आम्ही मानतो' म्हटले, तर खुशाल शिकवा आणि मग हवा तेवढा वाद घाला. त्यांनी मान हलवून नाही म्हटले, तर पुढच्या शिबिराआधी ते वाक्य काढून टाका. आणि त्यांच्या घरून निघण्याआधी, आपल्याबद्दल त्यांचे काय म्हणणे आहे तेही लिहून आणा.