स्थलांतरभत्त्याची उलटी वसुली

पुण्यातले बरे चाललेले काम सोडून बंगळूर किंवा हैदराबाद येथील मोठ्या स्टुडिओत रुजू व्हावे की नाही, असे विचारणारी पत्रे अलीकडे आमच्याकडे सातत्याने येत आहेत. पत्रलेखकांत रिगर आहेत, लेव्हल डिझायनर आहेत, टेक्निकल आर्टिस्ट आहेत आणि क्यूएमध्ये उमेदवारी करून प्रॉडक्शनमध्ये शिरू पाहणारेही आहेत. पगार, एंजिन आणि प्रकल्पाची प्रतिष्ठा यांविषयी त्यांनी विस्ताराने लिहिले आहे. परंतु सोबत जोडलेल्या नेमणूकपत्रांतील स्थलांतरभत्त्याच्या कलमाविषयी मात्र बहुतेकांनी अवाक्षरही काढलेले नाही.

या कलमाचा मसुदा जिकडेतिकडे एकाच साच्यातला आहे. सामानाची वाहतूक, प्रवास आणि आरंभीचा निवास यांचा खर्च कंपनी देईल. मात्र कर्मचाऱ्याची सेवा ठरावीक मुदतीच्या आत कोणत्याही कारणाने संपुष्टात आल्यास ही संपूर्ण रक्कम अखेरच्या हिशेबातून वळती करून घेतली जाईल. म्हणजे माणसाने स्वतःहून राजीनामा दिला काय, किंवा प्रकाशकाने माइलस्टोन नामंजूर केल्यामुळे कंपनीनेच सारा चमू मोकळा केला काय, वसुली दोन्ही प्रसंगी सारखीच! एका वाचकाचा प्रकल्प तो रुजू झाल्यानंतर वर्षाच्या आतच गुंडाळला गेला. कंपनीने त्याच्या हाती सेवासमाप्तीचे पत्र दिले आणि ज्या भत्त्याच्या भरवशावर त्याने बिऱ्हाड हलवले होते, तो भत्ता नुकसानभरपाईतून कापून घेतला. घरमालकाकडे गुंतलेली अनामत, एनडीएमुळे शोरीलमध्ये दाखवता न येणारे काम आणि खेळ प्रसिद्धच न झाल्याने हुकलेले क्रेडिट यांचा हिशेब अर्थातच कोणी मांडला नाही.

असे प्रसंग विरळा आहेत, असे मानण्याचे दिवस सरले. युबिसॉफ्टच्या पुणे व मुंबई येथील स्टुडिओंनी हाती घेतलेले ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’चे नवे रूप सप्टेंबर 2020 मध्ये गाजावाजाने जाहीर झाले, मे 2022 मध्ये ते माँट्रियलच्या स्टुडिओकडे वर्ग झाले आणि जानेवारी 2026 मध्ये समूळ रद्द झाले. फेब्रुवारी 2025 मध्ये टेक्निकलर कोसळली, तेव्हा तिच्या बंगळूर व मुंबई येथील कचेऱ्यांतील हजारो कलावंत एकाएकी रस्त्यावर आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि त्या खेळांच्या कंपन्यांनी नोकरकपातीचा सपाटा लावला. धोरण सरकारचे असो वा पॅरिसच्या संचालक मंडळाचे, त्याची किंमत मात्र गाव सोडून आलेल्या माणसाने मोजावी, असाच सध्याचा करारनामा आहे.

आता मनुष्यबळ खात्यांचा कारभार पाहावा. जुनी कंपनी नव्वद दिवसांची नोटीस मागते, नवी कंपनी तीस दिवसांत हजर होण्याचा तगादा लावते, आणि मधल्या काळात मुक्ततापत्रावाचून उमेदवार अधांतरी राहतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेली वेतन संहिता राजीनामा वा सेवासमाप्तीनंतर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकते करावयास सांगते, आणि एका वेतनकाळातील एकूण वजावट निम्म्या वेतनाहून अधिक असू नये असेही बजावते. तरी पंचेचाळीस दिवसांनी हिशेब होईल, हे जुने उत्तर आमच्या वाचकांना आजही मिळत आहे. ही खाती संहितेची पाने उलटण्याचे कष्ट कधी घेणार आहेत? सरकारी शहाणपणही फारसे निराळे नव्हे: 1962 च्या प्राप्तिकर नियमावलीने घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी पन्नास टक्क्यांची मर्यादा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारच नगरांना दिली, आणि आपला निम्मा धंदा ज्या बंगळूर, हैदराबाद व पुण्यात वसला, त्यांना दशकानुदशके चाळीस टक्क्यांवर बसवून ठेवले.

असले कलम न्यायालयात टिकणार नाही, या भ्रमातही कोणी राहू नये. मुदतीपूर्वी नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून दोन लाख रुपये घेण्याची विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये वैध ठरवली आहे. तो खटला स्वेच्छेने दिलेल्या राजीनाम्याचा होता, हे खरे. परंतु बिनवाचता केलेली सही पुढे वकिलाकरवी पुसून काढण्यापेक्षा आधीच हात आखडता घेणे स्वस्त पडते.

स्टुडिओप्रमुखांनो, पुण्याहून माणूस नेताना तुम्ही त्याच्या बायकामुलांचे, शाळेचे आणि म्हाताऱ्या आईबापांचे वेळापत्रक मोडता, हे ध्यानात घ्या. कंपनीने सेवा संपवल्यास वसुली रद्द, आणि पहिल्या वर्षात तसे झाल्यास परतीचा खर्च कंपनीचा, ही दोन वाक्ये मसुद्यात घालण्यास तुमचे फार काही खर्ची पडत नाही. आणि वाचकहो, तुम्हीही तोंडी आश्वासनांवर बिऱ्हाड हलवण्याची सवय सोडा! जावे की न जावे, याचा निर्णय तुमचा आहे आणि चांगल्या कामासाठी जाणाऱ्याला आम्ही अडवणार नाही. मात्र ही दोन वाक्ये लेखी मिळेपर्यंत जुन्या जागी राजीनामा देऊ नका, आणि ती नाकारणाऱ्या कंपनीच्या कलमाची प्रत, आपले नाव खोडून, आमच्याकडे अवश्य पाठवा.