भरलेली डबी

गेल्या फाल्गुनात मी वाईला गेलो, तो तब्बल तीन महिन्यांनी. ज्या घरी जेवल्याशिवाय पसरणीचा घाट चढायचा नाही असा माझा चाळीस वर्षांचा नेम होता, त्या घरातील वहिनी मार्गशीर्षात गेल्या. दिवसकार्य आटोपून मी पुण्याला परतलो आणि मग दर रविवारी मित्राला फोन करीत राहिलो. गुडघे, थंडी, कृष्णाबाईच्या उत्सवाची वर्गणी, नातवाची परीक्षा, सारे विषय होत. वहिनींचा मात्र निघत नसे. खपली काढू नये, अशी माझी समजूत होती. निदान स्वतःला मी तसे सांगत होतो.

त्या ‘वहिनी’ झाल्या ते पुढे. त्याआधी ती आमच्याच वर्गातली, तिसऱ्या बाकावरची मुलगी होती. पाठीला वाळलेला भोपळा बांधून आम्ही मुले कृष्णेत पोहायला शिकलो. घाटावर मुली बहुधा धुणी घेऊनच येत, त्या काळात ती भोपळ्याशिवाय पलीकडच्या काठाला जाऊन येई. माझा हा मित्र पायरीवर बसून राही. त्याला पाण्याचे भय होते. तिच्या चपला आणि टिळक ग्रंथसंग्रहालयातून आणलेली पुस्तके सांभाळण्याचे काम त्याने आपण होऊन पत्करले होते. आसपासच्या रानांत हळद शिजू लागली की तिचा तो ओलसर, मातकट वास थेट ढोल्या गणपतीपर्यंत येई आणि परीक्षा जवळ आल्याचे आम्हांला त्या वासावरून कळे. या दोघांचे लग्न ठरले तेव्हा गावाला जेवढे आश्चर्य वाटले, तेवढे आम्हांला वाटले नाही. लग्नानंतर मी पहिल्यांदा ‘अहो वहिनी’ म्हणालो, तेव्हा वाढता वाढता ती इतकी हसली की आमटी पाटावर सांडली.

या खेपेस दार मित्राने उघडले. सदरा सैल झाला होता. सवयीने मी रक्तदाबमापक काढला. आकडा आला १७८ वर १०४. ‘गोळ्या?’ असे विचारताच त्याने देवघराशेजारच्या कोनाड्याकडे बोट केले. तेथे सात खणांची गोळ्यांची डबी होती. सोम, मंगळ, बुध रिकामे. गुरुवारपासून रविवारपर्यंतचे चार खण भरलेले. वहिनींनी रविवारी रात्री ती नेहमीप्रमाणे भरली होती. बुधवारी संध्याकाळी त्यांना दवाखान्यात न्यावे लागले, ते मेंदूतील रक्तस्रावामुळे. शनिवारी सारे संपले.

‘‘पाकिटातल्या घेतो अधूनमधून,’’ तो म्हणाला. ‘‘या नाही घेत. तिने भरलेल्या आहेत.’’

१९६९ साली कॉलिन मरे पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ५५ वर्षांवरील ४,४८६ विधुरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पत्नीच्या निधनानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांच्या मानाने ४० टक्क्यांनी अधिक आढळले, आणि त्यांतील मोठा वाटा हृदयविकाराचा होता. शोक हा केवळ मनाचा व्यापार नव्हे. झोप तुटते, ताणाची संप्रेरके वाढतात, रक्तदाब चढतो. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. ज्या हाताने जेवण, गोळ्या आणि तपासणीच्या तारखा सांभाळल्या, तो हातच नाहीसा झालेला असतो. माझ्या मित्राला घरातील मिठाचा डबा कोठे असतो, हे वयाच्या सत्तरीत शोधावे लागले. हे कौतुकाने सांगण्याजोगे नाही.

जेवण मी केले. पिठले आणि भात. जेवता जेवता तो एकदम म्हणाला, ‘‘सगळे येतात, बसतात, चहा घेतात. तिचं नाव मात्र कोणी घेत नाही रे. तूही नाही.’’

तेव्हा मला खरे सांगावे लागले. मी गप्प होतो तो केवळ त्याच्या दुःखाला जपण्यासाठी नव्हे. चाळीस वर्षे मी त्या घरी जेवलो. पानावरून उठल्यावर त्याच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा सांगितला, गोळ्या बदलून दिल्या. आणि आकडा लिहून घ्यायला समोर उभ्या असलेल्या वहिनींच्या दंडाला मात्र तो पट्टा एकदाही बांधला नाही. उच्च रक्तदाब बहुधा काहीच लक्षणे दाखवीत नाही, आणि मेंदूतील अशा रक्तस्रावाचे ते सर्वांत मोठे कारण आहे. त्यांचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता, हे दवाखान्यात विचारले तेव्हा घरातील कोणालाही सांगता आले नव्हते. मलाही नाही. कदाचित तो उत्तमही असेल. आता कळण्याचा मार्ग नाही.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘तिने मोजू दिला नसता.’’ हे खरे की माझ्यासाठी केलेली सोय, ते मी विचारले नाही.

शोकाला औषध लागत नाही, पण कधी कधी शोकाकुलाला लागते. अन्न सुटणे, वजन झपाट्याने उतरणे, सहा महिन्यांहून अधिक काळ दिवसाचे कोणतेच काम न जमणे, ‘मी तरी कशाला राहिलो’ असे पुन्हा पुन्हा तोंडी येणे, यांपैकी काही दिसले तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे. शेवटची गोष्ट कानावर आली तर सहा महिने वाट पाहू नये. १४४१६ या ‘टेलि-मानस’च्या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. एरवी ‘सावर स्वतःला’ म्हणणाऱ्यांनी थोडे थांबून गेलेल्या माणसाची एखादी आठवण सांगितली तरी पुष्कळ. समोरचा रडेल. तो आधीही रडतच असतो, फक्त आपण गेल्यावर.

संध्याकाळी आम्ही घाटावर गेलो. पाणी उतरले होते. मी तिचे शाळेतले नाव घेतले, हजेरीपटावरचे, माहेरच्या आडनावासकट. ते येथे लिहीत नाही. ते त्याचे आहे. त्याने डोळे पुसले आणि थोड्या वेळाने मला आजवर ठाऊक नसलेली गोष्ट सांगितली. लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात ती त्याला पहाटे, गाव उठण्याआधी, येथे आणी आणि पोहायला शिकवी. पंचविशीतल्या नवऱ्याच्या पाठीला भोपळा, आणि ही छातीभर पाण्यात उभी. ‘‘कोणाला सांगू नका म्हणाली होती. गाव हसेल.’’ आरतीची घंटा होईपर्यंत तो सांगत राहिला.

ती डबी आम्ही हलवली नाही. तिच्या शेजारी दुसरी ठेवली, आणि ती त्याने स्वतःच्या हाताने भरली. दोनदा चुकून, तिसऱ्यांदा बरोबर. आता रविवारच्या फोनवर तो आधी आकडा सांगतो. परवाचा १३८ वर ८६ होता. मग म्हणतो, ‘‘हां, आता ऐक. ती एकदा काय झालं...’’