पदवीनंतर कोणती शाखा?

रावेत, आकुर्डी, निगडी परिसरातील व्यापारी घरांत अभियांत्रिकीचा शेवटचा निकाल हाती आला की पेढीच्या आधी संगणकाच्या शाखेची चर्चा सुरू होते. मुलगी ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ म्हणते, मामा ‘सायबर सुरक्षा’ सुचवतात. आणि आयुष्यभर नमुना पाहिल्यावाचून माल न उचललेले वडील येथे मात्र केवळ नाव ऐकून शुल्क भरावयास निघतात.

१९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक घडविणाऱ्या पुण्याच्या सी-डॅकच्या पदव्युत्तर पदविका सुमारे सहा महिन्यांच्या असतात; प्रवेश ‘सी-कॅट’ परीक्षेतून मिळतो. आकुर्डीतही तिचे अधिकृत प्रशिक्षण केंद्र आहे. प्रत्येक शाखेची पात्रता निराळी असल्याने ती अट आधी वाचावी. बहुसंख्य विद्यार्थी सॉफ्टवेअरनिर्मितीची सर्वसाधारण शाखा घेतात. ज्याचा कल अद्याप ठरलेला नाही, त्याला ती योग्यच.

मात्र इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर जेव्हा सोबत्यांच्या मागोमाग ‘बिग डेटा’कडे धावतो, तेव्हा चार वर्षांचे भांडवल गोदामात पडून राहते. त्याच्या उंबऱ्याशी पिंपरी-चाकणचा मोटारउद्योग आहे. आजच्या मोटारीत इंजिन, ब्रेक, एअरबॅग यांमागे छोटे संगणक बसविलेले असतात आणि ते एकमेकांना सतत संदेश धाडतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर धुरावरील नियंत्रणासाठी या संगणकांचे काम अधिकच वाढले. हे लिहिणारी विद्या म्हणजे एम्बेडेड सिस्टीम. तिला सी भाषा आणि मायक्रोकंट्रोलरची जाण लागते, ‘डेटा’ला संख्याशास्त्राची.

सुरक्षेच्या शाखेबाबत एक गोष्ट घरात आधीच बोलली जावी. केंद्र सरकारच्या सर्ट-इन संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची खबर ६ तासांत द्यावी लागते. त्यामुळे अनेक ठिकाणी ही पाळत अहोरात्र चालते आणि नवख्याच्या वाट्याला रात्रपाळी येऊ शकते. चौविहार पाळणाऱ्या मुलामुलींनी तो विचार रुजू होण्याच्या दिवसापर्यंत लांबवू नये.

निवडीची कसोटी घरीच घेता येते. दुकानाच्या तीन वर्षांच्या विक्रीनोंदी घेऊन कोणता माल पडून राहतो, हे मुलीने स्वतः शोधून पाहावे. नोंदी स्वच्छ करण्याचे रटाळ काम आठवडाभर तिने आवडीने केले, तर ‘डेटा’ तिचा. एम्बेडेडसाठी काहीशे रुपयांचा बोर्ड आणि तापमान मोजणारा सेन्सर पुरे. (तीन-तीन प्रमाणपत्रे जमविणे हाही एक परिग्रहच, मुलाखतीत अशा एखाद्या पुऱ्या केलेल्या कामाची विचारपूस होते.)

शुल्काचा धनादेश देण्यापूर्वी केंद्राकडून मागील तुकडीचा शाखावार हिशेब लेखी मागावा: किती बसले, किती उत्तीर्ण झाले, कितींना नोकरी लागली आणि ती त्याच शाखेत लागली का. उधारीवर माल देताना व्यापारी याहून अधिक चौकशी करतो.