बाजू चिठ्ठीने ठरू द्या

शाळेत मी 'विज्ञान : शाप की वरदान' या विषयावर तीनदा बक्षीस घेतलंय. तिन्ही वेळा वरदान! समोरचा काय म्हणतोय ते ऐकायची वेळच आली नाही, कारण वक्तृत्व स्पर्धेत समोर कुणी नसतंच. पाठांतर, हातवारे, शेवटी एखादा शेर, टाळ्या. झालं.

त्याची किंमत कळली आमच्या कामोठ्यातल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये. विषय मालमत्ता कर. पनवेल महापालिका झाली १ ऑक्टोबर २०१६ ला आणि सिडको वसाहतींना कर लागला तो थेट त्या तारखेपासून, पूर्वलक्षी प्रभावाने. सिडकोचं सेवाशुल्क भरत होतो, मग हा दुहेरी भुर्दंड का, म्हणून मी तावातावाने बोललो. टाळ्याही पडल्या. मग सेक्रेटरी काकांनी शांतपणे विचारलं, "अरे, पण महापालिकेचं म्हणणं काय? उत्तर त्यालाच द्यायचंय ना?" दांडी गुल.

म्हणून म्हणतो, पनवेलच्या शाळा-कॉलेजांनी वक्तृत्व स्पर्धा बंद कराव्यात आणि वादविवाद सुरू करावा. खराखुरा. अर्धा तास आधी चिठ्ठी टाकून बाजू द्या. समोरच्याचा मुद्दा त्याला पटेल अशा शब्दांत मांडल्याशिवाय तो खोडायची परवानगी नाही. विषय आपलेच. ज्याच्या घरी थकबाकीची नोटीस आलीय, त्या पोराला महापालिकेची बाजू मांडू दे की!

यावर लोक म्हणतात, अशाने पोरं काहीही सिद्ध करायला शिकतील. खोटं नाही. नुसत्या स्पीडवर जिंकणारे महाभाग मीही पाहिलेत. पण मग परीक्षक बदला. उच्चार मोजणारे सर नकोत. कर विभागातून रिटायर झालेला एखादा कारकून बसवा. तो आकडा बरोबर पकडेल.

जुलै २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली साडेतीन वर्षं प्रशासक. सभागृहात आपल्यासाठी भांडायला कुणी नाही. निवेदनं, हरकती सगळं आपणच लिहायचं. आणि आपण काय लिहितो? 'तीव्र निषेध'! हरकतीत नियम लागतो, आकडा लागतो, नेमका बदल काय हवा ते लागतं. पंधरा वर्षं शाळा-कॉलेजात घालवून हे एकदाही कुणी लिहून घेतलं नाही आमच्याकडून.

असो. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर एक प्रयोग करायचं ठरतंय. विषय अर्थातच कर. चिठ्ठीत महापालिका निघाली, तर काकांकडे शिकवणी लावावी लागणार.