रेडला हे कोणी सांगायचं?

‘फॉलआउट 4’मधली रेड टुरेट बहुतेक खेळाडूंना एकदाच भेटते, आणि ती भेट अर्ध्या मिनिटात आटोपते. जुन्या सरकारी शिधाकोठारात शिरायचं, वाटेतले लुटारू टिपायचे, शेवटी टोळीची म्होरकी दिसते, तिलाही टिपायचं, डबाबंद अन्न उचलायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. बेथेस्डाचा हा गेम 10 नोव्हेंबर 2015 रोजी आला. त्यातलं बॉस्टन आहे 2287 सालचं, 2077च्या अणुयुद्धाला 210 वर्षं उलटून गेल्यानंतरचं. अशा उजाड मुलखात लुटारू म्हणजे चालतंफिरतं लक्ष्य, असं आपण सहज धरून चालतो.

रेडच्या अड्ड्यावरचा संगणक मात्र उघडून वाचावा. तिची बहीण लिली हिला टॉवर टॉम नावाच्या दुसऱ्या म्होरक्याने पळवलं आहे. बीनटाउन ब्रुअरी या पडक्या दारूभट्टीत त्याचं बस्तान आहे आणि लिलीच्या बदल्यात त्याला कोठारातला माल हवा आहे. मग कधीतरी आपण टॉमच्या अड्ड्यावर पोचतो, त्याच्याही नोंदी वाचतो. लिली मेलेली आहे. टॉमला ते ठाऊक आहे आणि रेडला त्याचा पत्ता नाही.

या दोन संगणकांमधलं अंतर पार करणारा माणूस त्या जगात एकच, खेळाडू. रेडच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी त्याच्या हातात असते आणि ती द्यायची सोय गेममध्ये नाही. तिच्यासमोर उभं राहिलं की ती थेट गोळ्या झाडते. संवादाचा पर्यायच उमटत नाही. ज्या लेखकाने या बाईला नाव दिलं, बहीण दिली, तिचा घोर दिला, त्याचं लेखन मला फार मोलाचं वाटतं. म्हणूनच गेमच्या रचनेने त्याला तिथे एकटं पाडलं, याचा मला राग येतो.

हे तांत्रिकदृष्ट्या अवघड होतं म्हणावं, तर याच मालिकेचा पहिला गेम 1997चा आहे. त्यात शेडी सँड्स गावच्या मुखियाची मुलगी टँडी हिला खान टोळीचे लुटारू पळवून नेतात. तिथे त्यांच्या म्होरक्याशी, गार्लशी, बोलता येतं. पैसे मोजून मुलगी सोडवता येते, त्याच्याशी एकट्याने द्वंद्व करता येतं, आपण त्याच्या मेलेल्या बापाचं भूत आहोत असं भासवून त्याची गाळणसुद्धा उडवता येते. चित्रं ओबडधोबड होती, पण लुटारूला कान होते. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या भागात हीच टँडी म्हातारी होऊन न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिकची अध्यक्ष म्हणून भेटते! पळवलेली एक मुलगी जगली तर काय होऊ शकतं, हे या मालिकेने स्वतःच दाखवलं होतं. लिलीच्या वाट्याला नोंदीतल्या काही ओळी आल्या.

मला गोड शेवट नको आहे. टॉमची करणी कळल्यावर रेडने आपली माणसं घेऊन ब्रुअरीवर चाल केली असती, किंवा निरोप आणणाऱ्यालाच खोटारडा ठरवून बंदूक उगारली असती. दोन्ही मला पटलं असतं. निदान तिला कळलं असतं.

2016च्या ऑगस्टमध्ये ‘नुका-वर्ल्ड’ ही पुरवणी आली. तिच्यात खेळाडूच लुटारूंचा सरदार होतो, तीन टोळ्यांचे म्होरके त्याच्याशी तासन्‌तास बोलतात, रुसतात, सौदे करतात. म्हणजे लुटारूला तोंड उघडू द्यायला बेथेस्डाची ना नव्हती. रेडच्या कोठारात मात्र त्यानंतरही काही बदललं नाही. ज्यांना हा गेम आता नव्याने खेळायचा असेल त्यांनी आधी ब्रुअरीत जावं, टॉमच्या नोंदी पुऱ्या वाचाव्यात आणि कोठाराकडे जायचं की नाही ते मग ठरवावं.