ऊसतोड्याची कंबर कोणाच्या हिशेबात?

वाकून बुडख्याशी कोयता मारायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढायचं (पाय घसरला तर विचारूच नका). ऊसतोड मजुराची कंबर, मान, गुडघे यातच झिजतात. मजुरी टनावर, डोक्यावर आगाऊ घेतलेली उचल आणि कामाचा दिवस बुडाला की टोळीचा मुकादम खाड्याचे पैसे कापतो. मग दुखणं अंगावरच काढलं जातं. बीडमधल्या गर्भाशय काढलेल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न २०१९ साली गाजला, त्याची मुळंही खाडा टाळण्याच्या याच हिशेबात होती.

हार्वेस्टर आलं की हे मिटेल, असं म्हणतात. पण तुकड्यातुकड्यांच्या रानात ते वळत नाही. जिथे चालतं तिथे मजुराचं कामच जातं. ‘जास्त पैशासाठी तो स्वतःच राबतो’ हा युक्तिवाद उचल फेडणाऱ्याला लागू होत नाही. आजारपणाचा खाडा बंद करण्याची जबाबदारी साखर कारखान्यांनीच घ्यावी.