जीर्ण म्हणजे टाकाऊ नव्हे!

२५ जून २०१६ च्या पहाटे, मुंबई झोपेत असताना, दादरच्या गोकुळदास पास्ता मार्गावरील आंबेडकर भवन आणि तेथील बुद्धभूषण मुद्रणालय जमीनदोस्त करण्यात आले. इमारत जीर्ण व धोकादायक होती, तिच्या जागी १७ मजली भव्य वास्तू उभी राहणार आहे, असे त्याचे समर्थन झाले. १९ जुलै रोजी भीमसैनिकांचा विराट मोर्चा निघाला. परंतु मोर्च्याने पडलेल्या भिंती परत येत नाहीत. ज्या मुद्रणालयाशी 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' यांचा इतिहास निगडित होता, ते एका रात्रीत ढिगारा झाले!

माझा व्यवसाय वैद्यकीचा. आमच्या शास्त्रात 'जीर्ण' हे लक्षण मानतात, निदान नव्हे. कोणता वासा कुजला, पाया खचला की केवळ गिलावा सुटला, दुरुस्ती शक्य आहे काय, हे तपासल्याविना पाडकामाचा निर्णय देणे म्हणजे रुग्णाला न तपासता त्याचा पाय कापणे होय. आणि हे तपासायचे असते दिवसाउजेडी, नातेवाइकांसमक्ष. पहाटेच्या अंधारात केलेल्या शस्त्रक्रियेचा हेतू संशयास्पदच ठरतो.

मी ज्या कॉव्हेंट्री शहरात राहतो, त्याने हा धडा फार महाग किमतीत घेतला. बुचर रो नावाची मध्ययुगीन गल्ली येथे १९३६ मध्ये पाडली गेली, ती बॉम्बने नव्हे, नगराच्या कारभाऱ्यांनी, सुधारणेच्या नावाखाली! १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी शहराचा मध्यभाग जाळला. पुढे पश्चात्ताप झाला. मच पार्क स्ट्रीटवरील लाकडी घर सांधा सांधा सुटे करून स्पॉन स्ट्रीटवर पुन्हा उभारण्यात आले. पण त्याच स्पॉन स्ट्रीटला रिंग रोडने तोडले होते. आधी मोडायचे आणि मग उरलेले वेचायचे, असा हा प्रकार! याउलट, बॉम्बने उद्ध्वस्त झालेले फोर्ड्स हॉस्पिटल हे वृद्धांचे निवासस्थान जुनेच लाकूड वापरून पुन्हा उभे राहिले. जळालेल्या कॅथेड्रलचे भग्नावशेष जपून त्यांच्या शेजारी १९६२ मध्ये नवे कॅथेड्रल आले. जुने राखूनही नवे उभारता येते, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

आपल्यातलेच काही विद्वान म्हणतात, "तथागतांनी अनित्यता शिकवली. मग विटांचा मोह कशाला?" अनित्यता हा निसर्गनियम आहे, तो कंत्राटदाराला दिलेला परवाना नव्हे! अन्यथा अजिंठ्याची डागडुजी तरी कशाला करायची? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परळच्या बी. आय. टी. चाळीत बाबासाहेब दोन दशकांहून अधिक काळ राहिले. अशा चाळींत आजही माणसे राहतात, त्यांनी गळक्या छपराखाली इतिहास सांभाळत मरावे काय? मुळीच नाही. माणूस आधी, वास्तू नंतर. परंतु रहिवाशांना सुरक्षित घर देणे आणि बाबासाहेबांच्या खोल्या राखणे, यांत विरोध आहे असे भासवणे हीच खरी लबाडी होय.

ज्यांनी शतकानुशतके गावकुसाबाहेर दिवस काढले, त्यांच्या वाड्यांची वा किल्ल्यांची नोंद कोणत्याही वारसा-यादीत सापडत नाही, कारण ते बांधण्याचा अधिकारच त्यांना नव्हता. आपला वारसा म्हणजे चाळीची खोली, छापखाना, वसतिगृह, सभेची पडवी. त्याला संगमरवर नाही म्हणून तो क्षुद्र ठरत नाही. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये घेतले. पुढे स्थानिक नियोजन-प्राधिकरणाने स्मारकाला परवानगी नाकारली, जाहीर चौकशी झाली आणि २०२० मध्ये ती मिळाली. निर्णय विलंबाने आला, परंतु दोन्ही बाजू ऐकून, कारणे लेखी देऊन आला. दादरला ही संधी का मिळू नये?

म्हणून माझी मागणी साधी आहे. चळवळीची कोणतीही वास्तू पाडण्यापूर्वी दोन स्वतंत्र अभियंत्यांचा अहवाल जाहीर सभेत वाचावा. दुरुस्तीचा खर्च पाडकामाच्या खर्चाशेजारी मांडावा. प्रत्येक दाराची, यंत्राची, कागदाची नोंद व छायाचित्रे व्हावीत. यानंतरही पाडणे अटळ ठरले, तर ते उजेडात पाडावे. विश्वस्त हे मालक नसतात, ते येणाऱ्या पिढ्यांचे राखणदार असतात. परदेशातून देणगी पाठवणाऱ्या आपण सर्वांनी धनादेशावर सही करण्यापूर्वी हे प्रश्न विचारावेत.

जय भीम!